सर्वांत नाजूक पोटाच्या मापाने

उजनीत आज किती टक्के पाणी आहे, हे सोलापुरात चहाच्या टपरीवरही ठाऊक असते. धरण वजात गेले, म्हणजे पाणी मृत साठ्याच्याही खाली उतरले, की चेहरे उतरतात, शंभर टक्के भरले की ती घरातलीच आनंदाची बातमी असते. 117 टीएमसीच्या या धरणात 63 टीएमसीहून जास्त पाणी मृत साठ्यात धरतात, हे पुष्कळांना तोंडपाठ आहे. पण आज नळाला आलेल्या पाण्यात क्लोरीन होता का आणि किती होता, असे विचारले तर अख्ख्या गल्लीत उत्तर मिळत नाही. पाणी किती, याचा हिशेब आपण रोज ठेवतो. पाणी कसे, हा प्रश्न मात्र कुणाला तरी कावीळ झाली की मगच निघतो.

पूर्व भागात माझे औषधांचे दुकान आहे, तीस वर्षे होत आली. गिऱ्हाईक अर्धे तेलुगू, थोडे कानडी, बाकी मराठी. सगळे मला अक्काच म्हणतात. त्यामुळे संसर्गजन्य आजारांचा विचार माझ्या मनात पुस्तकातून येत नाही, काउंटरवरून येतो. आणि काउंटरवरून जे दिसते ते असे, की आपण साथ रोखण्याची सगळी तयारी धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवून करतो. दोन दिवस जुलाब झाले, गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी कामावर गेला, असा माणूस. ज्याचे पोट, आतडे किंवा यकृत आधीच दुखावलेले आहे तो या हिशेबात कुठेच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हिशेब त्याच्यापासून सुरू व्हायला हवा. शहराचे पाणी त्यातल्या सर्वांत नाजूक पोटाला पेलत नसेल, तर ते शुद्ध म्हणू नये.

अशी पोटे किती असतील, हा प्रश्न रास्त आहे. आकडा माझ्याकडे नाही, पण सकाळी दुकान उघडल्यावर पहिली मागणी बहुधा एकच असते: "अक्का, पित्ताची गोळी द्या." विड्या वळणाऱ्या बायका पहाटेपासून सूप मांडीवर घेऊन बसतात. पोटात काही नाही, वर तीनदा चहा, नाकातोंडात तंबाखूची पूड. जळजळ होणारच. मग पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल रोज, वर्षानुवर्षे, डॉक्टरांना न विचारता. गोळी चांगली आहे. ज्यांना अल्सर आहे किंवा हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे, अशा कित्येकांना ती रक्तस्रावापासून वाचवते, म्हणून हे वाचून कुणी ती आपल्या मनाने बंद करू नये. पण ती काय करते हेही समजून घ्यायला हवे. जठरातले आम्ल अन्न पचवायला तर लागतेच, शिवाय ते आपल्या पोटाचा दरवानही आहे. पाण्यातून, अन्नातून आत शिरलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. आम्ल दाबले की दरवान झोपतो. स्वयंसेवकांना पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू पाजून केलेल्या अमेरिकेतल्या जुन्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसले. आधी सोडा देऊन आम्ल मारले, तर हजारो पटींनी कमी जंतूही आजार घडवायला पुरले. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतूही आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्त गाठतात, हे आता नीट सिद्ध झाले आहे.

म्हणजे धडधाकट माणसाला ज्या पाण्याने काही होत नाही, त्याच पाण्याने शेजारच्या घरातली विडी वळणारी बाई अंथरूण धरते. आपण म्हणतो, "तिचे पोटच नाजूक." तिथेच विषय संपतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. या पित्तामागेही कधीकधी संसर्गच असतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठराच्या अस्तरात घर करतो. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि दाटीवाटीच्या वस्तीत जास्त पसरतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980 च्या दशकात अल्सरचे मूळ या जंतूत दाखवले, 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या जंतूवर ठरावीक दिवसांचा उपचार आहे. पण आपल्याकडे तपासणी न होता दहा-दहा वर्षे नुसती गोळीच चालते. मीही ती वर्षानुवर्षे दिली आहे. आता तीन महिन्यांहून जास्त दिवस गोळी नेणाऱ्याला मी डॉक्टरांकडे धाडते. काही जातात, काही दुसऱ्या दुकानात जातात.

दुसरे उदाहरण यंत्रमागावरच्या एका कामगाराचे. वय पस्तिशीचे, टॉवेलच्या कारखान्यात काम. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा. आजार उसळला की दिवसात दहा-बारा वेळा रक्तमिश्रित जुलाब. त्याच्या शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटली असल्याने ती दाबणारी औषधे द्यावी लागतात: स्टिरॉईड, अ‍ॅझाथायोप्रिन. आजार आवरतो, पण त्या बदल्यात बाहेरच्या जंतूंना दार किलकिले होते. अशा माणसाला जुलाब वाढले तर ते आजार उसळल्याने वाढले की संसर्गाने, हे मल तपासल्याशिवाय कळत नाही. दोन्हींवरचे उपचार मात्र वेगळे. संसर्ग असताना स्टिरॉईड वाढवले तर घात होतो. लसींचेही तसेच. हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया, फ्लू यांच्या लसींचा विचार ही औषधे सुरू होण्याआधीच व्हायला हवा, कारण नंतर जिवंत जंतूंच्या लसी सहसा देता येत नाहीत आणि बाकीच्यांचा परिणामही कमी पडू शकतो. त्याला हे कुणी सांगितलेच नव्हते. आधी एका ठिकाणी त्याला कित्येक महिने नुसत्या जुलाबाच्या गोळ्या मिळाल्या.

क्षयाचा धोका याहून मोठा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हा आतड्याचा आजार दुर्बिणीतून पाहिले तरी इतके सारखे दिसतात, की मुरलेले डॉक्टरही अडखळतात. क्षयाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबली तर क्षय मोकाट सुटतो. प्रतिकारशक्ती दाबणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने देण्याआधी शरीरात लपलेला क्षय शोधणे म्हणूनच अनिवार्य मानतात.

या कामगाराची आणखी एक अडचण कुणाच्या कागदावर येत नाही. कारखान्यात पन्नास माणसांना एकच संडास, आणि तिथे साबण नाही. ज्याला दिवसात दहा वेळा जावे लागते त्याने हात कशाने धुवायचे? करोनापासून सगळ्यांना वाटते की सॅनिटायझर चोळला की झाले. पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. अँटिबायोटिक घेतल्यावर आतड्यात माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या बीजाणूंवर तर मुळीच नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते. रुग्णालयांनाही हे तितकेच लागू आहे.

यकृत निकामी होत आलेल्या रुग्णांची अवस्था तर याहून वाईट. सिरॉसिसमध्ये पोटात पाणी साठते, आणि आतड्यातले जंतू त्या पाण्यात जाऊन तिथेच संसर्ग करतात. कधी तापही येत नाही. माणूस नुसता गोंधळल्यासारखा बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटते पुन्हा पिऊन आला. अशा यकृतावर दूषित पाण्यातून ए किंवा ई प्रकारची कावीळ चढली तर जीव वाचवणे अवघड होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईलाही ई प्रकारची कावीळ अशीच जिवावर बेतते.

या काविळीने आपल्या देशाला एक धडा दिला आहे. 1955-56 मध्ये दिल्लीत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगडच्या नाल्याचे सांडपाणी वझीराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचले. कर्मचाऱ्यांनी क्लोरीन वाढवला होता. त्यामुळे टायफॉईड आणि हगवण फारशी वाढली नाही, पण विषाणू निसटला. सांडपाणी एकदा आत आले की औषधाचा डोस वाढवून भागत नाही, ते येऊच न देणे हाच उपाय. आणि आपली उजनी तर पुणे-पिंपरीच्या नद्यांच्या पोटाशी बसलेली आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून तिच्यातच येते. उन्हाळ्यात पातळी उतरली की पाणी हिरवे दिसते. त्यातले सेंद्रिय द्रव्यच आधी क्लोरीन खाऊन टाकते, जंतूंसाठी उरतो तो उरलासुरला.

पूर्वी पटकी आली की लोक मरीआईचा गाडा काढत. सारा गाव मिळून तो ओढत नेई आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून येई. त्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर न्यायचा. आपल्या शहरात मरीआई चौक आहे, तिथून जाताना मला हा गाडा हटकून आठवतो, कारण सांडपाण्याच्या बाबतीत आपण अजून तेच करतो. पुण्याचे उजनीत येते. आपले नाल्यांतून सीनेकडे जाते. सीना हत्तरसंग कुडलला, जिथे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे, तिथे भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. मात्र त्या जुन्या लोकांची एक गोष्ट आपण गमावली. रोग साऱ्या गावाचा आहे, हे त्यांना मान्य होते. आपण तो ज्याच्या त्याच्या घरचा केला आहे.

"पाणी उकळून प्या, हात धुवा, भांडी झाका" हे सगळे खरे आहे. मीही सांगते. पाण्याला खळखळून उकळी येऊन एक मिनिट झाले की पुरे, वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही, हेही सांगते. पण जिच्या घरी सिलिंडर महिनाभर पुरवायचा आहे, तिने सात माणसांचे पिण्याचे पाणी रोज उकळावे, ही सूचना देणाऱ्याला किती सोपी जाते! मग लोक जार घेतात. जारचे पाणी थंड असते, गोड लागते, आणि त्यातला क्लोरीन आरओमध्येच निघून गेलेला असतो. तो जार कुणी कशाने धुतला, ग्लास बुडवणारा हात कुणाचा, त्यावर सगळे ठरते. एकदा त्यात जंतू पडला की त्याला मारायला काही उरलेले नसते.

खरी अडचण मात्र पाणी किती दिवसांनी येते, ही आहे. सोलापूरने चार-पाच दिवसांआड पाणी इतकी वर्षे भोगले आहे, की ते आपल्याला ऊनपावसासारखे वाटू लागले. जलवाहिनीत सतत दाब असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. दाब गेला की उलटे होते. शेजारून गटार वाहत असेल तर त्यातले पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढले जाते. नळाला थेट मोटार लावली की हे ओढणे आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटे गढूळ, वासाचे. शुद्धीकरण केंद्रातून पाणी कितीही चांगले निघो, ते मधल्या वाटेवर बाटते. उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीची चर्चा आपण नेहमी "पाणी जास्त मिळेल" अशीच ऐकली. माझ्या मते तिचे मोल वेगळे आहे. रोज पाणी आले आणि वितरणाच्या जुन्या वाहिन्या बदलल्या, तर पोटाचे आजार दवाखान्याच्या दारापर्यंत जाण्याआधीच थांबतील. धरणापासून शहरापर्यंत नवी वाहिनी आणि गल्लीत तीच गटाराशेजारची जुनी, असे झाले तर मोठा खर्च करून आपण थोडे कमवू.

पाणी साठवण्यातून दुसरा आजार येतो, डेंग्यू. एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस "कोरडा दिवस" पाळा, भांडी रिकामी करा, असे सांगतात. शास्त्र बरोबर आहे. पण चार दिवसांनी नळ येणार आणि आज बॅरलमध्ये दोन दिवसांचे पाणी उरले आहे, ते कोणती बाई ओतून देईल? ती झाकण लावते. झाकण फुटके असते. वरून नवे पाणी भरते, बॅरल कधी पूर्ण रिकामाच होत नाही. ही अंडी पाण्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे बॅरल आतून घासला नाही तर कोरडा दिवसही वाया जातो. तिला निष्काळजी म्हणण्याआधी तिचा नळ बघायला हवा.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या शहराला हे जमणार नाही, पैसा कुठे आहे? कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. गाव लहान, हे मान्य. पण ओडिशातली पुरी लहान नाही. लाखो यात्रेकरूंच्या त्या शहरात 2021 पासून नळाचे पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था झाली. आणि दूर कशाला, आपल्याच जिल्ह्यात आषाढीला काय होते ते बघा. एकेकाळी पंढरीच्या वाटेवर पटकीने माणसे मरत. आता पालखीमार्गावरच्या विहिरी, टँकर, हातपंप तपासले जातात, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली जाते, पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट होते. लाखो लोक येतात, राहतात आणि बहुतेक सुखरूप परततात. म्हणजे आपल्याला हे येते. वारीचे जे पंधरवडाभर जमते ते उरलेल्या वर्षात माझ्या गल्लीत का जमू नये, याचे पटेल असे उत्तर मला मिळालेले नाही.

मी मागते ते फार खर्चाचे नाही. प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळाला, टाकीजवळच्या नव्हे, उरलेला क्लोरीन किती आहे हे पाणी सोडण्याच्या दर दिवशी मोजावे आणि चौकातल्या फळ्यावर लिहावे. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर त्याच दिवशी लोकांना कळावे. वृत्तपत्रांनी उजनीच्या टक्केवारीशेजारी तो आकडा छापावा. आणि सिरॉसिस, कोलायटिस, डायलिसिस, कॅन्सर असलेल्या रुग्णांची यादी आशाताईंकडे असावी, म्हणजे पाणी बिघडल्याचा निरोप आणि मेडिक्लोरची (क्लोरीनच्या द्रावणाची) बाटली आधी त्यांच्या दारात जाईल.

पुण्यात 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत गियाँ-बारे सिंड्रोमचे 200 हून अधिक रुग्ण निघाले तेव्हा हे किती गरजेचे आहे ते कळायला हवे होते. कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूने साधे जुलाब झाले, आणि काही आठवड्यांत हातपाय लुळे पडले. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो आपल्या सोलापुरात. आठ दिवस सगळ्यांनी पाण्याविषयी विचारले. माझ्या दुकानातून क्लोरीनच्या गोळ्या संपल्या. मग उजनीच्या पातळीकडे परत नजरा वळल्या.

दुकानदारांनीही आपला वाटा उचलायला हवा, म्हणून हे लिहिते. जुलाबाला अँटिबायोटिक मागणाऱ्यांना मी आता आधी ओआरएस देते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले, तेही सलाईन संपल्यावर, घरच्यांच्या हातून पाजून. त्याच ओआरएसचे नाव लावून गोड पेये वर्षानुवर्षे विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी एकटीने लढा दिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला बंदी केली. माझ्या फळीवरही तसली पेये होती. मी ती काढली. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, अर्ध्या ग्लासात नाही, हे दर वेळी सांगते. मुलांना सोबत 14 दिवस झिंक. शौचात रक्त असेल आणि ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी मागूनही देत नाही, आणि "टायफॉईड निघाला" म्हणून पहिल्याच दिवशीच्या विडाल तपासणीचा कागद दाखवणाऱ्याला रक्तातला जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चर तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगते.

गेल्या उन्हाळ्यापासून मी काउंटरवर क्लोरीन तपासायची छोटी पेटी ठेवली आहे. नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. गिऱ्हाईकांनी घरून बाटलीत पाणी आणले की त्यांच्यासमोर तपासते. पैसे घेत नाही. पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या नळाचे पाणी फिकट पिवळे झाले. शेजारच्या विडी वळणाऱ्या बाई चौथ्या दिवशी आपल्या बॅरलमधले पाणी घेऊन आल्या. त्यांनी झाकण लावले होते, तांब्या वेगळा ठेवला होता, सांगितलेले सगळे केले होते. थेंब टाकून आम्ही दोघी नळीकडे बघत राहिलो. पाणी जसेच्या तसे पांढरे राहिले. बाटलीच्या तळाशी दोन बारीक अळ्या वळवळत होत्या. बाईंनी विचारले, "मग अक्का, उद्यापर्यंत काय प्यायचं?" नळ परवा येणार होता.